विद्यापीठाचा गौरव आणि वनप्रदेशातील पदवीधर

चंद्रपूरहून आष्टी-अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ५० किलोमीटर अंतरावर गोंडपिपरी हे तालुक्याचे गाव लागते. तालुक्याच्या एका अंगाने वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाने वैनगंगा; आणि दक्षिणेकडे या दोन्ही नद्या एकत्र येऊन प्राणहिता होतात. धान आणि कापूस ही येथील पिके, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता व मोह हा अनेक कुटुंबांचा आधार. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम बहुधा एकाच सुमारास येतात. घरातील माणसे पहाटे पाने तोडण्यास निघतात आणि घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी परीक्षा केंद्राची वाट धरते. अशा घरात येणारी पदवी ही पुष्कळदा त्या कुटुंबातील पहिलीच पदवी असते.

या पदवीचे पुढे काय होते, हा प्रश्न विद्यापीठालाही पडावयास हवा. विद्यापीठ विद्यार्थ्याची परीक्षा घेते, त्याला गुण देते, दीक्षान्त समारंभात पदवी देते आणि त्यानंतर बहुतेक वेळा त्याला विसरते. वीस-पंचवीस किंवा चाळीस वर्षांनंतर त्या पदवीधराने केलेल्या कामाची आठवण ठेवून विद्यापीठ त्याला पुन्हा व्यासपीठावर बोलावते, तेव्हा ती एक प्रकारे विद्यापीठाने घेतलेली स्वतःचीच परीक्षा असते. आपण दिलेली विद्या कोठे गेली, कोणाच्या उपयोगी पडली, याचा हिशेब त्या दिवशी मांडला जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशातील जिल्ह्यांत हा हिशेब विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे.

गौरवाचे तीन प्रकार

विद्यापीठाच्या गौरवाविषयी सामान्यतः बराच गोंधळ आढळतो, म्हणून आरंभीच थोडा खुलासा करणे उचित ठरेल. दीक्षान्त समारंभात दिली जाणारी सुवर्णपदके ही परीक्षेतील गुणांसाठी असतात. एखाद्या दात्याने विद्यापीठाकडे निधी ठेवलेला असतो आणि त्याच्या व्याजातून विशिष्ट विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याला पदक मिळते. मानद पदवी ही निराळी गोष्ट होय. तिच्यासाठी परीक्षा नसते, आणि ती स्वीकारणारी व्यक्ती त्या विद्यापीठाची विद्यार्थी असावी अशीही अट नसते. अनेक मानद पदव्या तर शाळेची पायरीही जेमतेम चढलेल्या थोर व्यक्तींना मिळालेल्या आहेत, आणि ते योग्यच आहे.

तिसरा प्रकार माजी विद्यार्थ्यांच्या गौरवाचा. यात विद्यापीठ आपल्याच पदवीधराकडे वळून पाहते. पाश्चात्य विद्यापीठांत ही प्रथा जुनी असून तेथील माजी विद्यार्थी संघ ती सांभाळतात. आपल्याकडे ती अनेकदा स्थापनादिनाशी जोडली गेली आहे. पुणे येथील विद्यापीठ १० फेब्रुवारी या आपल्या स्थापनादिनी जीवनसाधना गौरव पुरस्कार देते. हा सन्मान केवळ माजी विद्यार्थ्यांपुरता नसला तरी दीर्घकाळच्या कार्याची दखल हाच त्याचा हेतू आहे.

मानद पदवी आणि माजी विद्यार्थ्याचा गौरव या दोन गोष्टी एकत्र आल्याचे महाराष्ट्राला अभिमानास्पद असे उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ मध्ये ते दाखल झाले, १९१५ मध्ये तेथे एम.ए. झाले आणि १९२७ मध्ये त्यांना तेथील पीएच.डी. मिळाली. त्याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. एम.ए. आणि हा गौरव यांच्यामध्ये ३७ वर्षांचे अंतर आहे, आणि या अंतरात भारताची राज्यघटना घडली. विद्यापीठाने गौरव केला तो आपल्या वर्गात बसलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे जे केले त्याचा. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब चंद्रपूर येथील दीक्षा समारंभास आले होते. त्यामुळे या भागातील असंख्य घरांत त्यांच्या शिक्षणाचा इतिहास पाठ आहे, आणि पदवी म्हणजे काय याची कल्पनाही पुष्कळांनी त्यातूनच घेतली आहे.

नागपूरची पदवी, चांद्याचे अरण्य

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. त्या वेळी सहा महाविद्यालये त्याला संलग्न होती आणि विद्यार्थी होते ९२७. चांदा जिल्हा अर्थातच या विद्यापीठाच्या कक्षेत होता. पुढे १९८२ मध्ये २६ ऑगस्ट रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तरी विद्यापीठ नागपूरचेच राहिले. गोंडपिपरीच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करावयाची असली तरी सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास करून नागपूर गाठावे लागे. भामरागड किंवा सिरोंचा येथील विद्यार्थ्याची स्थिती याहून कठीण होती.

अंतराची ही अडचण खरी. परंतु याच नागपूर विद्यापीठाच्या काही पदवीधरांनी उलट दिशेने प्रवास केला, आणि विद्यापीठांच्या गौरवाची या प्रदेशातील कथा प्रामुख्याने त्यांचीच आहे.

त्यांतील पहिले नाव मुरलीधर देविदास आमटे यांचे. हिंगणघाट येथे १९१४ मध्ये सधन जमीनदार घराण्यात जन्मलेल्या आमटे यांनी नागपूर येथे शिक्षण घेऊन कायद्याची पदवी मिळविली आणि वरोडा येथे वकिली केली. वकिली चालत असताना ती सोडून ते कुष्ठरुग्णांच्या सेवेकडे वळले. त्यासाठी त्यांनी १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन येथे कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. एका वकिलाने वैद्यकाच्या वर्गात जाऊन बसावे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फारशी ठळकपणे सांगितली जात नाही, पण ती महत्त्वाची आहे. पुढे वरोड्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे.

बाबा आमटे यांना १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७९ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला आणि १९८० मध्ये नागपूर विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. रॅमन मॅगसेसे पुरस्कार १९८५ चा, पद्मविभूषण १९८६ चे आणि टेम्पलटन पुरस्कार १९९० चा. कायद्याची पदवी आणि डी.लिट. यांच्या दरम्यान चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. विद्यापीठाने उशीर केला असे म्हणावयाचे, तर आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या आधी ते जागे झाले होते, हेही नमूद केले पाहिजे.

या गौरवाला आणखी एक बाजू आहे. आनंदवनात १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि पाठोपाठ कृषी महाविद्यालयही निघाले. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते, त्यांच्या वसाहतीत वरोडा परिसरातील मुले पदवीसाठी येऊ लागली. एका पदवीधराने आपल्या विद्यापीठाला दिलेली ही परतफेड डी.लिट.च्या कितीतरी आधीची आहे.

बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूर येथेच झाले. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्या काळी पावसाळ्यात या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध महिनोन् महिने तुटत असे. वीज नव्हती आणि भाषा माडिया होती. वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासक्रमात या परिस्थितीची तयारी करून घेणारा विषय नव्हता, तो तेथे राहूनच शिकावा लागला. प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ मध्ये निघाली. डॉ. प्रकाश आमटे यांना २००२ मध्ये पद्मश्री, आणि पतिपत्नी दोघांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बाल्टिमोर येथील एक सन्मान

माजी विद्यार्थ्यांच्या गौरवाचे अगदी नेमके उदाहरण मात्र डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे आहे. दोघेही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि दोघेही सुवर्णपदकांचे मानकरी. डॉ. राणी बंग यांचा विषय स्त्रीरोगशास्त्र. पुढे दोघे अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४ मध्ये त्यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर पदवी घेतली. अशा विद्यापीठाची पदवी हाती असताना परदेशात राहण्याचा मार्ग मोकळा होता. ते परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम करू लागले.

त्यांच्या कामाची पद्धत येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण गौरव झाला तो याच पद्धतीचा. प्रथम लोकांचे दुःख मोजावयाचे आणि मग उपाय शोधावयाचा, असा हा क्रम. गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असता त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन शब्दांत संपत असे.

त्यानंतर नवजात बालकांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेण्यात आला. वनप्रदेशात बाळंतपणे घरीच होत, रुग्णालय दूर असे, आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात अनेक बालके दगावत. उपाय असा योजण्यात आला, की रुग्णालय गावापर्यंत येत नसेल तर त्यातील आवश्यक तेवढे ज्ञान गावात न्यावे. ३९ गावांतील स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बालकाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, श्वासाचा वेग मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि आवश्यक तेव्हा जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, इतकी सर्व कामे या आरोग्यदूत करू लागल्या. तुलनेसाठी ४७ गावांची निराळी नोंद ठेवण्यात आली. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांतील नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्षही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०११ मध्ये नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. त्यानुसार आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत, रुग्णालयातील प्रसूती असल्यास सहा वेळा आणि घरातील प्रसूती असल्यास सात वेळा, त्या घरी जाते. गोंडपिपरी तालुक्यातील एखाद्या खेड्यात वजनकाटा घेऊन जाणारी आशा कार्यकर्ती जे काम करते, त्याचे मूळ शेजारच्या जिल्ह्यातील या प्रयोगात आहे.

महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये बंग दांपत्याला महाराष्ट्रभूषण पुरस्काराने गौरविले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोहोंच्या मध्ये, २०१३ साली, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना आपल्या विशेष कर्तृत्ववान माजी विद्यार्थ्यांसाठीचा पुरस्कार दिला. बाल्टिमोरच्या विद्यापीठाला जगभर पसरलेल्या आपल्या पदवीधरांतून गडचिरोलीतील दोघांची निवड करावीशी वाटली. त्या निवडीमागे पंचवीसहून अधिक वर्षांचे जे काम उभे होते, ते मुख्यतः लिहिता-वाचता येणाऱ्या साध्या ग्रामीण स्त्रियांच्या हातांनी झालेले होते. त्यांच्यापैकी बहुतेकींनी कोणत्याही विद्यापीठाचे दार पाहिलेले नाही. विद्यापीठाच्या गौरवपत्रात अशा सहकाऱ्यांसाठी रकाना नसतो, ही त्या प्रकारच्या सन्मानाची मर्यादाच म्हणावी लागेल.

पूर्वज नसलेले विद्यापीठ

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन करण्यात आले आणि २ ऑक्टोबर २०११ पासून त्याचा कारभार सुरू झाला. गोंडपिपरीच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ आता वैनगंगेपलीकडे आले. परंतु या नव्या विद्यापीठापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. त्याच्या प्रदेशात मोठे कार्य केलेले पदवीधर कमी नाहीत, मात्र २०११ पूर्वीची त्यांची पदवी नागपूर विद्यापीठाची आहे. वैद्यकीय पदवीधरांची गोष्ट तर अधिकच गुंतागुंतीची. १९९८ मध्ये नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याला जोडली गेली. म्हणजे ज्या महाविद्यालयात आमटे आणि बंग शिकले, तेथे आज शिकणारा विद्यार्थी नागपूर विद्यापीठाचा माजी विद्यार्थी होणार नाही, आणि गडचिरोलीत आयुष्य घालविले तरी गोंडवाना विद्यापीठाचाही नाही.

अशा वेळी नवे विद्यापीठ दोन मार्गांनी जाऊ शकते. आपल्या प्रदेशात कार्य केलेल्या थोर व्यक्तींना सन्मानित करणे, हा एक मार्ग. तो सोपा आहे आणि आवश्यकही आहे. दुसरा मार्ग धीराचा. २०११ मध्ये प्रथम वर्षात दाखल झालेले विद्यार्थी २०१४ च्या सुमारास पदवीधर झाले. ते आज तिशी ओलांडत आहेत. त्यांच्यातील कोण काय करीत आहे याची नोंद आतापासून ठेवली, तरच पंचवीस वर्षांनी योग्य नाव सापडेल. नाही तर इतरांनी आधीच गौरविलेल्या नावांना आणखी एक शाल आणि श्रीफळ देण्यापलीकडे विद्यापीठाच्या हाती काही राहत नाही. जुन्या विद्यापीठांच्या अनेक पुरस्कारांचे असे झालेले आहे.

नोंदीचा एक मार्ग कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी आपल्यामधून १० प्रतिनिधी निवडून द्यावयाचे असतात. पदवी मिळाली म्हणजे या नोंदवहीत नाव आपोआप चढत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. दुर्गम भागातील पदवीधर या बाबतीत उदासीन राहिले, तर विद्यापीठाच्या कारभारात त्यांचा आवाज राहत नाही आणि त्यांच्या कार्याचा माग ठेवणेही अवघड होते.

‘विशेष कर्तृत्व’ कशास म्हणावे, हा यातील खरा वादाचा मुद्दा. मोठे अधिकारपद, परदेशातील नोकरी, उद्योगातील यश ही कर्तृत्वाची चिन्हे आहेतच आणि गोंडपिपरीच्या मुलाने ती मिळविली तर गावाला आनंदच वाटेल. पण पुरस्कारासाठी केवळ हीच मोजपट्टी ठेवली, तर सभागृहात बसलेला विद्यार्थी त्यातून एकच अर्थ काढील, तो म्हणजे येथून बाहेर पडणे हेच यश. ज्या जिल्ह्यांत शिक्षक, वैद्य, अभियंते यांची पदे भरणे आणि भरलेली पदे टिकविणे हीच मोठी समस्या आहे, तेथे असा अर्थ परवडण्याजोगा नाही. एटापल्लीच्या शाळेत वीस वर्षे टिकून राहिलेला विज्ञान पदवीधर, किंवा ग्रामसभेचे हिशेब चोख ठेवणारी वाणिज्य पदवीधर तरुणी, ही नावे निवड समितीसमोर आपण होऊन येणार नाहीत. ती शोधावी लागतील.

ग्रामसभेचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबू विक्रीचा अधिकार प्रत्यक्षात आणला. अशा ग्रामसभांना आज हिशेब, कायदा, वनशास्त्र आणि बाजारपेठ यांचे ज्ञान असणारी माणसे हवी आहेत. गडचिरोलीच्या विद्यापीठाचा पदवीधर आणि त्याचे गाव यांची गाठ पडण्याची ही नवी जागा आहे. मेंढ्याचे नेते देवाजी तोफा यांचे शिक्षण विद्यापीठात झालेले नाही, आणि तरीही अभ्यासक त्यांच्याकडे शिकण्यासाठी जातात. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये ज्यांचे नाव देण्यात आले, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षणही प्राथमिक इयत्तांपुढे गेले नव्हते. पदवीचा गौरव करताना विद्यापीठांनी ही वस्तुस्थिती दृष्टीआड करू नये, इतकेच.

गोंडवाना विद्यापीठाचा दहावा दीक्षान्त समारंभ ५ जुलै २०२३ रोजी गडचिरोली येथे झाला, तेव्हा राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या उपरबेडा या संथाळ आदिवासींच्या गावातून महाविद्यालयात गेलेल्या त्या पहिल्या मुलगी. भुवनेश्वरच्या रमादेवी महिला महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्या दिवशी सभागृहात पदवी स्वीकारण्यास आलेल्या अनेक विद्यार्थिनी आपापल्या घरातील, काही तर आपापल्या गावातील, पहिल्या पदवीधर असणार. व्यासपीठावरील पाहुण्या आणि खालच्या रांगेतील मुली यांच्यातील हे साम्य त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दरम्यान हेमलकशाच्या आश्रमशाळेत शिकलेले काही आदिवासी विद्यार्थी वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाले आहेत. आणि आनंदवनातील आनंद निकेतन महाविद्यालय आता गोंडवाना विद्यापीठाला संलग्न आहे. नागपूरच्या एका कायदा पदवीधराने उभ्या केलेल्या वसाहतीत आज शिकणाऱ्या मुलाच्या पदवीपत्रावर गडचिरोलीच्या विद्यापीठाचे नाव छापलेले असते.